एकाच गटात बहीणभाऊ

ओताहुहू,
मंगळवार

प्रिय फिलिमोने,

हे पत्र वीका तुझ्या हातात देईल, आणि तू ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं मी तिला बजावलंय. तुझी बायको पोटुशी आहे, तिला गॅरेजच्या दारात ताटकळत ठेवू नकोस. आत बोलाव, बसायला काहीतरी दे आणि मग वाच. पत्र बघून तू दचकशील. आपण एका घरात वाढलो, एका चुलीवरचं जेवलो, पण मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत की तू मला. आपल्या टोंगन माणसांत ती पद्धतच नाही. बहिणीनं भावाशी बोलायचं ते कामापुरतं, आणि भावानं बहिणीशी त्याच्या निम्मं. पण आता पद्धत सांभाळत बसले तर तू शुक्रवारी तुरुंगात जाशील. कोर्टाचा निरोप वीकानं मला सांगितला. या गुरुवारी संध्याकाळी तू नशामुक्तीच्या गटाला आला नाहीस, तर शुक्रवारी न्यायाधीशबाई तुला कार्यक्रमातून काढणार आणि राखून ठेवलेली शिक्षा भोगायला पाठवणार. बाळ येईल तेव्हा तू गजाआड असशील. हे सगळं तुला ठाऊक आहे, तरी तू ओतारात कोणाच्या तरी गॅरेजमध्ये गादी टाकून पडलायस. नशा केलेली नाहीस, असं वीका शपथेवर सांगते. मी तिच्यावर विश्वास ठेवलाय. पण माझं डोकं इतकं तापलंय की तुला ऐकवल्याशिवाय ते थंड व्हायचं नाही.

आधी चीड येते ती आपल्या घरच्यांची. मला काय सांगितलं होतं माहितीय? फिलिमोने हेस्टिंग्जला सफरचंदं तोडायला गेलाय म्हणे! आईनं सांगितलं, काकूनं री ओढली, आणि मी मूर्खासारखी दोघींना विचारत राहिले की यंदा पीक कसं आहे. काकू म्हणाली, बरं आहे, पण गारा पडल्या. गारा! आणि तुला काय सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं. मेलेआनेच्या पायाचं ऑपरेशन झालंय, ती चर्चलासुद्धा येत नाही. वा रे वा. भावाची लाज बहिणीच्या कानावर जाऊ नये आणि बहिणीची भावाच्या, म्हणून अख्खं खानदान कामाला लागलं. एकाच शहरात, मधे दोन सिग्नल, तूही कोर्टाच्या फेऱ्या मारतोयस आणि मीही, आणि दोघांनाही पत्ता नाही. कोर्टातल्या माणसानं मला विचारलं होतं की त्या गटात तुमच्या नात्यातलं कोणी आहे का. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कोणी नाही. माझं आडनाव सासरचं, तुझं माहेरचं, त्यांना तरी कसं कळावं? आणि कळलं असतं तरी काय, त्यांच्या लेखी आपण चुलत. त्यांच्यात चुलत म्हणजे नाताळला कार्ड पाठवायचं आणि लग्नात फोटोच्या कडेला उभं राहायचं.

मग मी त्या पहिल्या गुरुवारी हॉलमध्ये आले. खुर्च्यांचा गोल, मधे बिस्किटांचं ताट, आणि पाय लांब करून, मान मागे टाकून खदाखदा हसणारा एक माणूस. मी म्हटलं, हा आपल्यातला दिसतोय. तेवढ्यात त्यानं मान वळवली, आणि तो तू होतास. तुझं हसू असं विझलं, फिलिमोने, की मला वाटलं मीच काही गुन्हा केलाय. तू ताडकन उठलास, मान खाली घातलीस, आणि चहाच्या टेबलाजवळ भिंतीकडे तोंड करून बसलास. गट चालवणारी ग्लेनिस म्हणाली, फिली, गोलात ये ना. तू ऐकलंच नाहीस. शेजारी बसलेल्या तामातीनं मला विचारलं, काय गं बाई, याचं काय घोडं मारलंयस तू? मी काय सांगू? तो म्हातारा मला पुढे महिनाभर सांगत होता की तुझ्यासारखा बोलका माणूस त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता. न्यायाधीशबाई टाळ्या वाजवताना चष्मा कसा सावरतात त्याची तू नक्कल करायचास, लघवीच्या तपासणीच्या रांगेत गाणी रचायचास, नवा माणूस रडायला लागला की त्याच्या खिशात बिस्किटं कोंबायचास. मी ऐकत बसले. मला माहीतच नव्हतं रे. चाळीस वर्षांची झाले, आणि माझा भाऊ लोकांना हसवतो हे मला परक्यानं सांगावं लागलं. बरं वाटलं, आणि रागही आला. कोणावर ते विचारू नकोस.

ग्लेनिसवर मला रागावताही येत नाही, हीच तर पंचाईत आहे. बाई मनानं लोण्यासारखी आहे. दर आठवड्याला स्वतःच्या हातानं केक करून आणते, कोणाला बस चुकली तर गाडी काढून आणायला जाते. पण तिच्या पोतडीत सगळ्या दुखण्यावर एकच औषध आहे: बोला. मन मोकळं करा. भीती वाटते? बोला. लाज वाटते? मग तर बोलाच, लाज हीच नशेची मावशी. आणि बोललं की टाळ्या. एक आठवडा शुद्ध राहिलात, टाळ्या. चुकलात आणि स्वतःहून कबूल केलंत, दुप्पट टाळ्या. माझ्या आयुष्यात माझ्या लग्नातसुद्धा इतक्या टाळ्या वाजल्या नव्हत्या. बाकीच्यांना ते मानवतं, मी नाही म्हणत नाही. तामाती तिथेच माणसात आला. मलासुद्धा, तू मागे भिंतीकडे तोंड करून बसला नसतास, तर मानवलं असतं. पण तू होतास. तोंड उघडलं की मला तुझी पाठ दिसायची, आणि मी ते पुन्हा मिटायचे. तुझंही तेच. आपण दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलो, आणि ग्लेनिस टिपून ठेवणार: सहभाग नाही.

तो जवळिकीचा धडा आठवतोय का? आठवत नसला तर देवाची कृपा. नशा आणि शरीरसंबंध, असं तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि हसून म्हणाली, आज लाजायचं नाही हं, नशेत कोणाबरोबर काय काय झालं, मोकळेपणानं सांगा. धरणी दुभंगावी आणि मी आत जावं असं मला झालं. लहानपणी टीव्हीवर नुसतं कोणी कोणाच्या जवळ गेलं तरी तू खोलीतून बाहेर पडायचास. आणि इथे फळ्यावर आकृती! तू उठून स्वयंपाकघरात गेलास आणि कप धुवायला लागलास. धुतलेले कप, फिलिमोने. मी आवाज ऐकत होते, एकेक कप तू पुन्हा पुन्हा धुतलास. ग्लेनिस मला हळूच म्हणाली, बघ, पुरुष कसे टाळतात. मी म्हटलं, बाई, तो टाळत नाहीये, तो मला मान देतोय. ती म्हणाली, किती छान, पण मान देण्यामागे कधीकधी भीती लपलेली असते, हो की नाही? मी कपाळावर हात मारून घेतला.

पण त्या टोपीच्या खेळापुढे ते काहीच नव्हतं. नाही म्हणायला शिका, असा धडा. टोपीत चिठ्ठ्या, जोड्या लावायच्या आणि नाटक करायचं. नवरा काचेची नळी घेऊन घरी येतो, बायकोला म्हणतो एकच झुरका घे, आणि बायकोनं ठामपणे नाही म्हणायचं. ग्लेनिसनं चिठ्ठ्या उघडल्या आणि टाळी वाजवून म्हणाली, नवरा फिली, बायको मेलेआने! आपल्या गावात हे कोणी थट्टेतसुद्धा बोललं असतं तर त्याचे दात घशात गेले असते. तिनं तुझ्या हातात पेन दिलं, नळी समज म्हणाली. तू त्या पेनाकडे बघत राहिलास. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं होतं तू चिडशील, पण तू चिडला नाहीस. तू घाबरला होतास, एवढा मोठा धिप्पाड गडी. मग पेन खुर्चीवर अलगद ठेवलंस आणि बाहेर गेलास. पावसात बसथांब्यावर उभा होतास, मी खिडकीतून बघितलं. त्या पेनाला तू एवढा का घाबरलास, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण त्याबद्दल मग लिहिते, आधी बाकीचं पोटात साठलंय ते बाहेर पडू दे.

नंतर मी गप्प बसले असं तुला वाटत असेल, तर ऐक. मी ग्लेनिसकडे गेले. म्हटलं, एकतर मला दुसऱ्या गटात टाका नाहीतर त्याला. आमच्यात बहीणभाऊ असे समोरासमोर बसून घाणेरडं बोलत नाहीत, नशेचं बोलत नाहीत, एका खोलीत पाय पसरून बसत नाहीत. ती म्हणाली, पण तो तुझा चुलतभाऊ ना? मी म्हटलं, त्याचा बाप आणि माझा बाप सख्खे भाऊ, म्हणजे तो माझा भाऊ, विषय संपला. ती म्हणाली, बायकांच्या गटात जागा नाही, आणि दिवसाच्या गटाला फिली येऊ शकत नाही, कारण त्याची विमानतळावरची नोकरी जाईल, आणि नोकरी गेली तर कार्यक्रमाची अट मोडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग मी कोर्टातच सांगितलं. उभी राहिले, हात जोडून न्यायाधीशबाईंना सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा सावरला, आणि म्हणाल्या, मेलेआने, हे सांगायला धैर्य लागतं. आणि टाळ्या! अख्ख्या कोर्टानं, वकिलांनी, पोलिसानं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मग त्या म्हणाल्या, तुमच्या संस्कृतीतली ही सुंदर गोष्ट गटाला कळली पाहिजे. मी रडकुंडीला आले होते, आणि लोकांना वाटलं मी भारावलेय.

पुढच्या गुरुवारी काय झालं, ते तुला सांगायला नको. फळ्यावर लिहिलेलं, टोंगन माणसांतला आदर. आपल्यासाठी म्हणून तिनं टारोचा कंदसुद्धा उकडून आणला होता, अर्धा कच्चा. आणि तुला म्हणाली, फिली, बहिणीसमोर तुला काय काय बोलता येत नाही, त्याची आपण यादी करू या का? बहिणीसमोर! तू उठलास, दार लावून घेतलंस, आणि तेव्हापासून आला नाहीस. त्या दिवशी मी ग्लेनिसवर ओरडले. मी म्हटलं, तुम्ही माणसाचे कपडे काढून त्याला विचारता की थंडी वाजते का. ती बिचारी रडली. तिला खरंच कळलं नव्हतं. तामाती म्हणाला, बस बाई, तिला समजावण्यात तुझं वय जाईल, तू त्याला समजाव. मी म्हटलं, त्याच्याशी बोलायचीच सोय असती तर एवढं रामायण कशाला झालं असतं.

आता तुझी पाळी. मला तुझाही राग आलाय, आणि तो ग्लेनिसच्या रागापेक्षा मोठा आहे. तुला वाटतं तू मला मान देतोयस. चर्चमधल्या बायका तुझी वाहवा करतील की बघा, पोरगा तुरुंगात गेला पण बहिणीसमोर तोंड उघडलं नाही. मला असला मान नको. ज्या मानापायी वीकाला एकटीनं दवाखान्यात जावं लागेल, तो मान मी घेऊन काय करू, कपाटात ठेवू? सणाला सगळ्यात चांगली चटई बहिणीला, डुकराचा चांगला भाग बहिणीला, लेकरांचं नाव ठेवायचा मान बहिणीला. लहानपणापासून तुम्ही पोरांनी आम्हाला उंच नेऊन बसवलंत, आणि खाली काय चाललंय ते कधी बघूच दिलं नाहीत. तू बारा-तेरा वर्षांचा झालास तशी तुझी गादी घरातून गॅरेजमध्ये गेली, आणि तेव्हापासून तू काय खातोस, कशानं रडतोस, कोणाबरोबर बसतोस, मला कधी कळलं नाही. मी उंच बसलेली होते ना! आज पुन्हा तू गॅरेजमध्येच जाऊन पडलायस. तुला काही सुचतच नाही का रे दुसरं?

आणि हेही ऐक. तिसऱ्या टप्प्यात जायला प्रत्येकाला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. पहिला झुरका कुठे, कधी, कोणी दिला. नाव घ्यायची सक्ती नाही, पण तो कोण होता ते सांगायला लागतं. मित्र, शेजारी, भाऊ, जो असेल तो. मी यायच्या आधी तू सगळं सांगितलं होतंस. विमानतळावरून रात्रपाळी करून यायचास ते, झोप यायची नाही ते, वीकाचं आधीचं बाळ गेलं ते. तामाती म्हणतो, ऐकताना लोकांनी डोळे पुसले. फक्त एका ठिकाणी तू अडायचास. एका माणसानं दिलं, एवढं म्हणायचास आणि थांबायचास. ग्लेनिस म्हणाली, पुढच्या वेळी तयारी करून ये. पुढच्या वेळी मी आले. त्यानंतरही दोनदा तुझी पाळी आली. दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड करून तू तिथपर्यंत आलास, एका माणसानं, म्हणालास, आणि गप्प झालास. ग्लेनिसला वाटलं तू अजून त्या माणसाला घाबरतोस. बाकीच्यांना वाटलं, कोणी टोळीवाला असेल. तुझ्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि तुझ्या पाठीमागे मी बसले होते.

माझी गोष्ट मी तिथे अर्धीमुर्धी सांगितली होती. साफसफाईच्या कामावरून थकून यायचे, दारू घ्यायचे, मग ते दुसरं आलं, मग मुलांना गाडीत बसवून नशेत गाडी चालवली आणि पकडली गेले. सेमिसीचं नाव मीही घेतलं नव्हतं. नवरा ब्रिस्बेनला असतो, एवढंच म्हणाले होते. सेमिसी गेल्यापासून तू मला एकदाही विचारलं नाहीस की तो कसा आहे, फोन करतो का. सगळे विचारतात, तू नाही. पूर्वी तर तुमचं किती जमायचं. तू त्याला दाजी, दाजी म्हणत मागे फिरायचास, दर शुक्रवारी आमच्या गॅरेजमध्ये कावाच्या मुळीचं पेय भांड्यात घेऊन तुमची बैठक असायची. मी बाहेरच्या बाहेर लू ठेवून जायची, अळूच्या पानांची पुरचुंडी गरम असतानाच खा म्हणून ओरडायची, आणि आत यायची नाही, कारण आत माझा भाऊ बसलेला असायचा. मला वाटायचं, बरं झालं, माझ्या भावाला चांगली सोबत मिळाली.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. मला सगळं माहीत आहे, फिलिमोने. मी गटात येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ईस्टरला सेमिसीचा फोन आला होता, आम्ही भांडलो, मी म्हटलं तू माझं घर नासवलंस, तर तो हसून म्हणाला, नुसतं तुझंच का, तुझ्या लाडक्या भावाला विचार, पहिला झुरका त्याला कोणी दिला, तुझ्याच गॅरेजमध्ये दिला. मी फोन आपटला आणि कोणाला बोलले नाही. तू भिंतीकडे तोंड करून एका माणसानं म्हणायचास, तेव्हा तो माणूस कोण ते त्या हॉलमध्ये फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. त्या टोपीच्या खेळात तर तुला सेमिसीच व्हायला सांगितलं होतं, नळी घेऊन माझ्यापुढे, म्हणून तू त्या पेनाला घाबरलास. तू मला वाचवत होतास, मी तुला, आणि आपल्या दोघांच्या मधे तो हरामखोर आरामात बसला होता. म्हणून गेल्या गुरुवारी, तू नव्हतास तेव्हा, मी उभी राहिले. म्हटलं, माझ्या नवऱ्यानं, सेमिसीनं, मला ती नळी दिली, आणि माझ्या भावालाही त्यानंच दिली, आणि माझा भाऊ मला हे कळू नये म्हणून तुरुंगात जायला निघालाय. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता तुझ्याजवळ लपवायला काही उरलेलं नाही, बाबा. मी तुझी मोठी बहीण आहे. बहिणीनं मागितलं आणि भावानं नाही म्हटलं, असं आपल्या घराण्यात अजून घडलेलं नाही, आणि मी आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. आज मागतेय. गुरुवारी ये. माझ्याकडे तोंड करून बस, आणि माझ्या नवऱ्यानं तुझं काय केलं ते मला सांग.

जिनं तुला अजून नीट पाहिलंच नाही, ती तुझीच बहीण,
मेलेआने